शिफ्टचं घर आणि बुंदी

पत्र

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझे मिस्टर अंबडच्या एका कंपनीत आहेत, बारा वर्षं शिफ्ट ड्यूटी. दर सोमवारी शिफ्ट बदलते. फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, नाईट बारा ते सात. मुलगा नववीत आहे. त्याची सकाळची शाळा, दुपारी एकला घरी, पाच ते सात क्लास. मी एप्रिलपासून एका पतसंस्थेत लागले, साडेनऊला निघते ती साडेसहाला येते.

आमची बुंदी देशी आहे, चार वर्षांची, ऑपरेशन झालेली. इतकी गुणी होती की या घरात कुत्रं आहे हे बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. आता शिफ्टमुळे तिचं सगळं बिघडलंय. मिस्टर फर्स्टला असले की दिवसभर रडते असं शेजारी सांगतात. दाराची चौकट कुरतडली, मिस्टरांच्या चपला फाडल्या, दोनदा आमच्याच गादीवर शू केली. मुलगा म्हणतो तिला सगळं कळतं, आम्ही आलो की कान पाडून कोपऱ्यात जाते. रागावलो, एकदा मारलंही. नाईट असली की मिस्टरांना दिवसा झोपू देत नाही, लिफ्ट वाजली की भुंकते. सोसायटीने पत्र दिलंय, महिन्याभरात कुत्र्याचा बंदोबस्त करा. सासूबाई मार्चअखेर पुण्याला धाकट्या दिरांकडे गेल्यात, जावेचं बाळंतपण आहे, दिवाळीनंतर येतील. मिस्टर म्हणतात बाल्कनीत बांधू, नाहीतर निफाडला मळ्यावर सोडू. बहीण म्हणते दुसरं कुत्रं आणा, सोबत होईल. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना बुंदी आवडते, पण त्यांना रोज कसं सांगायचं? ती आमच्यावर सूड उगवतेय का? काय करू?

उत्तर

ताई, नमस्कार.

सुडाचं आधी निकालात काढू, कारण ते डोक्यात राहिलं तर पुढचं काही नीट होणार नाही. सूड घ्यायचा तर मनात हिशेब ठेवावा लागतो, योग्य वेळेची वाट बघावी लागते, आणि हा उद्योग माणसांचा. गादीवर शू झाली कारण घरात तुमचा सगळ्यांचा वास सगळ्यात जास्त मुरलाय तो त्या गादीत. घाबरलेलं कुत्रं तिथेच जाऊन बसतं आणि भीती अनावर झाली की लघवी सुटते. मिस्टरांच्या चपलांचंही तेच. ज्याच्या वासाने जरा धीर येतो, तीच वस्तू दाताखाली येते.

कान पाडून कोपऱ्यात जाण्याबद्दल मुलाला एक गोष्ट सांगा, नववीतल्या मुलाला आवडेल. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याच ‘अपराधी’ चेहऱ्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला सांगितलं जायचं, पण काही वेळा मुद्दाम चुकीचं. झालं असं की खाऊ खाल्लेला असो वा नसो, मालक रागावला की कुत्रं तो चेहरा करायचं. उलट ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि उगाच बोलणी खाल्ली, त्यांचा चेहरा जास्त पडलेला दिसला. म्हणजे बुंदीचे पडलेले कान तुमच्या आवाजाला आणि कपाळावरच्या आठ्यांना दिलेलं उत्तर आहे. सकाळी दहाला कुरतडलेली चौकट आणि दुपारी एकला बसलेला फटका यांची सांगड तिला घालता येत नाही. तिला कळतं ते एवढंच, की दार उघडतं, माणसं येतात आणि मार बसतो. आधी ती फक्त एकटेपणाला घाबरत होती, आता तुमच्या येण्यालाही घाबरायला लागली. तेव्हा आजपासून रागावणं बंद. घरात काहीही दिसलं तरी तोंडातून अक्षर न काढता पुसून टाकायचं.

आता मूळ दुखण्याकडे येते. पत्रात शिफ्टबद्दल भरभरून लिहिलंय आणि सासूबाईंबद्दल जेमतेम ओळ, तीही शेवटाकडे. मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचे मिस्टर बारा वर्षं शिफ्ट करतायत आणि बुंदी चार वर्षांची आहे. दर सोमवारी घराचं घड्याळ उलटंपालटं होणं हे तिने पिल्लू असल्यापासून पाहिलेलं आहे. तेव्हा तिला त्याचा त्रास नव्हता, मग आत्ताच का व्हावा? कारण तेव्हा घरात आजी होत्या. कोण कधी आलं-गेलं, कोणाचा डबा कधी भरला, याने बुंदीला काही फरक पडत नव्हता, कारण तिचा दिवस आजींच्या खुंटीला टांगलेला होता. बहुधा आजींचं जेवण झालं की हिची भाकरी, आजी आडव्या झाल्या की ही पायाशी, आजी भाजी निवडायला बसल्या की ही उंबऱ्यात. मार्चअखेर त्या गेल्या आणि दोन-चार आठवड्यांत तुम्हीही नोकरीला लागलात. चार वर्षांत एक तासभरही एकटं न राहिलेल्या कुत्रीला एकदम सकाळभर कुलूपबंद घरात राहायची वेळ आली. एकटं राहणं हे कुत्र्याला शिकवावं लागतं. बुंदीला ते कुणी शिकवलं नाही, कारण तशी वेळच आली नाही. यात तुमची चूक काढायचा प्रश्न नाही. आणि हो, नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. ती सोडायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका.

पुढचं काही करण्याआधी बुंदीला डॉक्टरांकडे न्या. ऑपरेशन झालेल्या काही माद्यांना वय वाढलं की झोपेत नकळत लघवी होते, आणि मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग असेल तरी घरात शू होते. या दोन्हींवर औषध आहे, आणि त्यांना शिकवण्याने काही फरक पडत नाही. पावसाळा आहे, तेव्हा गोचीड तापासाठी रक्तही तपासून घ्या. ताप अंगात मुरलेलं कुत्रं चिडचिडं, चिकटू होतं आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.

दुसरं काम फुकटातलं आहे. घरात एखादा जुना मोबाइल असेलच. तो मुख्य दार दिसेल असा कपाटावर उभा करून चित्रीकरण लावा, बाहेर पडा, खाली चक्कर मारून या. पहिला अर्धा तास नीट बघा. कंटाळलेलं कुत्रं जरा हिंडतं, खिडकीपाशी जातं, एखादी वस्तू चावतं, जिन्यात आवाज आला तर भुंकतं आणि मग झोपून जातं. धास्तावलेलं कुत्रं झोपत नाही. ते दार आणि गादी, दार आणि गादी अशा येरझाऱ्या घालतं. उन्हाळा नसताना धापा टाकतं, तोंडातून लाळ गळते, दाराच्या फटीला नाक लावून उभं राहतं, आणि समोर चिकनचा तुकडा असला तरी त्याला तोंड लावत नाही. कुरतडलं कुठे तर दाराच्या चौकटीला, म्हणजे तुम्ही जिथून गेलात तिथे. म्हणून हा मामला धास्तीचाच असणार असं मला वाटतं, पण मोबाइलवर बघून खात्री करा. कंटाळ्याचं निघालं तर फिरणं आणि खेळ वाढवून भागेल आणि खालचं बरंचसं सोडून दिलं तरी चालेल.

धास्तीच निघाली तर पहिला नियम ऐकायला कठीण आहे. शिकवणं चालू असेपर्यंत तिला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. ‘रडू दे, होईल सवय’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला आहे, आणि या दुखण्यात तो उलटा बसतो. रोज तीन तास घाबरून तिला सवय कशाची होणार, तर घाबरण्याची.

अशक्य वाटतंय ना? मलाही आधी वाटलं. मग तुमच्याच वेळा कागदावर मांडल्या. जाण्यायेण्याला पाऊणेक तास धरून चित्र असं दिसतं. मिस्टर नाईटला असतात तेव्हा दिवसभर घरीच झोपलेले असतात आणि रात्री तुम्ही दोघं असता. बुंदी एकटी नसतेच. सेकंडला ते पावणेतीनपर्यंत घरी, मुलगा एकला आलेला, तो पावणेपाचला क्लासला निघतो आणि तुम्ही साडेसहाला येता. म्हणजे एकटेपणा पावणेदोन तासांचा. फर्स्टच्या आठवड्यात मात्र तुम्ही साडेनऊला निघाल्यावर मुलगा एकला येईपर्यंत साडेतीन तास. ‘दिवसभर’ म्हणून जे शेजारी सांगतात ते हे साडेतीन तास. तीन आठवड्यांतून एका आठवड्याचे साडेतीन तास आणि एका आठवड्याचे पावणेदोन, एवढंच भगदाड बुजवायचं आहे. ज्या शिफ्टला तुम्ही नावं ठेवताय तिनेच निम्मं काम केलंय. नऊ ते सहावाल्या घरात हेच भगदाड रोजचं आठ-नऊ तासांचं असतं.

भगदाड बुजवायला काकू आहेतच. त्यांना ‘रोज सांभाळा’ असं म्हणू नका, कुणीही दचकेल. फर्स्टच्या आठवड्यात साडेनऊ ते एक, आणि सेकंडच्या आठवड्यात मुलगा क्लासला जाताना तिला खाली सोडेल, तुम्ही येताना वर घेऊन याल, असं वेळेनिशी आणि ‘साधारण दोन-तीन महिने’ अशी मुदत घालून विचारा. मोघम मदतीपेक्षा मोजकी मदत माणसं लवकर कबूल करतात. सुरुवातीला एखाद्या रविवारी तुम्ही स्वतः तिच्याबरोबर काकूंकडे जाऊन बसा, तिचं अंथरूण तिकडे न्या. काकूंना गावाला जायचं असेल त्या दिवसांसाठी कॉलेजात जाणारी, घरी अभ्यास करणारी एखादी मुलगी बिल्डिंगमध्ये सापडते. भांडीवालीची वेळ साडेदहा-अकराची करून घेता आली तरी मधला तास कमी होतो. बुंदीला घरात माणूस हवंय, ते तिच्याशी खेळलं पाहिजे असं काही नाही.

आता तिचं वेळापत्रक. खुंटी बदललीय, हे सगळ्या घराने मान्य करायला हवं. आता या घरात रोज एकाच वेळी निघणारी आणि एकाच वेळी येणारी व्यक्ती तुम्ही आहात. म्हणून बुंदीचा दिवस तुमच्या वेळांवर बसवा, मिस्टरांच्या शिफ्टवर नको. सकाळी सगळे डबे भरून झाले, मुलगा शाळेत गेला, की साडेसातला फिरणं, फिरून आल्यावर खाणं, खाल्ल्यावर अंथरुणावर पडणं, मग तुमचं निघणं. संध्याकाळी तुम्ही आलात की पुन्हा फिरणं, खाणं, घरच्यांच्या पायात लुडबुड. घड्याळाचा काटा पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाला तर तिला कळणारही नाही, पण एकामागून एक येणाऱ्या गोष्टींचा क्रम मोडला की कळतं. नाईटच्या आठवड्यात मिस्टर पावणेआठला येतात, तेव्हा सकाळची फेरी त्यांनी मारली तरी चालेल. पट्टा तोच, रस्ता तोच, निघतानाचा शब्द तोच आणि परतल्यावर खाणं. माणूस बदलला तरी बिघडत नाही. सध्याच्या खाण्याच्या वेळा यापेक्षा फार वेगळ्या असतील तर रोज दहा-पंधरा मिनिटांनी सरकवा, एकदम बदलू नका.

फिरणं म्हणजे तरातरा ओढत नेऊन शू-शी उरकून आणणं नव्हे. तिला हुंगू द्या. एका खांबापाशी ती दोन मिनिटं थांबली तर तुम्हीही थांबा. पळवून आणलेल्या कुत्र्यापेक्षा मनसोक्त हुंगलेलं कुत्रं घरी येऊन लवकर निवांत होतं. पावसामुळे लांब जाता आलं नाही तर पार्किंगमध्ये खाऊचे तुकडे विखरून शोधायला लावा.

याबरोबरच शिकवणं सुरू करायचं, आणि इथे घाई केलीत तर सगळं पाण्यात. बुंदीला तुमचं शिफ्टचं कोष्टक वाचता येत नाही, पण तुमचे संकेत पाठ आहेत. मिस्टरांचे सेफ्टी शूज, हेल्मेट, किल्ल्यांचा आवाज, तुमच्या पर्सची चेन, डब्याची पिशवी. पावलोव्हची घंटा मुलाने शाळेत वाचली असेल. कुत्र्यांच्या पचनावरच्या अभ्यासासाठी पावलोव्हना १९०४ साली नोबेल मिळालं, आणि त्याच कामातून हे हाती आलं की खाण्याआधी नेमाने घडणाऱ्या गोष्टीनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तुमच्याकडे पर्सची चेन वाजली की पाण्याऐवजी छातीत धडधड सुरू होते, इतकाच फरक. ती सांगड सैल करा. मिस्टरांनी सेफ्टी शूज घालून टीव्ही बघत बसावं. तुम्ही हेल्मेट उचलून स्वयंपाकघरात जा, ओट्यावर ठेवा आणि कुकर लावा. किल्ल्या हातात घेऊन गॅलरीतले कपडे काढा. पहिल्या दिवशी ती मागे मागे येईल. काही दिवसांनी डोकं वर करून बघेल आणि पुन्हा खाली ठेवेल. तेच हवंय.

मग दार. फिरून, खाऊन ती सैल पडलेली असताना मुख्य दाराशी जा, कडी काढा, लावा, परत या. काही बोलू नका. हे तिला कंटाळवाणं झालं की दार उघडून बंद करा. मग बाहेर पाऊल टाकून लगेच आत. मग दार ओढून घेऊन बाहेर पाच सेकंद. पुढे दहा, वीस, अर्धं मिनिट. जिन्याने अर्धा मजला उतरून या. लिफ्टचं बटण दाबा आणि लिफ्टमध्ये न बसता परत या, कारण लिफ्टचा आवाज हाही तुमच्या घरी एक संकेत होऊन बसलाय. मोबाइलवर बुंदीवर नजर ठेवा आणि ती घाबरण्याच्या आत परता. ओरडायला लागल्यावर घाबरली असं समजू नका, ते खूप आधी सुरू होतं. चघळत असली तर चघळणं थांबतं. झोप आलेली नसताना जांभई येते, जीभ नाकावरून फिरते, कान दाराकडे वळतात, पुढचे पाय ताणून ती उठायच्या बेतात येते. यातलं काही दिसलं की समजा आज एवढंच, पुढच्या वेळी यापेक्षा कमी. एका बैठकीत चार-पाच वेळा, दिवसातून एकदा, पुरे. मध्ये एखादा दिवस सुट्टी द्या. आणि दर वेळी वाढवत नेऊ नका. अर्धं मिनिट, एक मिनिट, मग मुद्दाम दहा सेकंद, मग दीड मिनिट, असं खालीवर ठेवा, म्हणजे दर खेपेला संकट मोठंच होत जातं असं तिला वाटणार नाही.

पहिली दहा-पंधरा मिनिटं गाठायला आठवडे लागतात. बऱ्याच कुत्र्यांच्या बाबतीत अर्धा-पाऊण तास निवांत जमायला लागला की पुढचा वेळ भराभर वाढतो. मध्ये एखाद्या दिवशी सगळं मागे जाईल, तेव्हा मुकाट्याने दोन पायऱ्या खाली उतरायचं. जाताना ‘येते हं बाळा, शहाण्यासारखी राहा’ असा निरोपसमारंभ नको. पण परत आल्यावर कुत्र्याकडे ढुंकून बघू नका म्हणतात ते मला पटत नाही. शांतपणे हाक मारा, कान खाजवा. चार पायांवर उभ्या असलेल्या कुत्रीला नमस्कार केल्याने ती बिघडत नाही.

खाऊचं. रबरी पोकळ खेळण्यात दहीभात भरून, फ्रीजरला घट्ट करून दिला की चाटण्यात वेळ जातो, आणि चाटण्याने कुत्री शांत होतात. ते महाग वाटलं तर जुन्या टॉवेलमध्ये भाकरीचे तुकडे गुंडाळून द्या. मात्र खाऊ हा उपाय नव्हे, मापक आहे. तुम्ही बाहेर असताना तिने खायचं थांबवलं म्हणजे तुम्ही जास्त वेळ बाहेर राहिलात. आणि कांद्याची फोडणी दिलेलं वरण, मनुके, चॉकलेट, शिजवलेली हाडं घरातलं कुणीही घालत असेल तर बंद करा. कांदा आणि मनुका कुत्र्याला विषासारखे. काही शुगर-फ्री गोळ्या-बिस्किटांमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं, ते तर थोडंसंही घातक.

नाईटचा आठवडा वेगळा बघू, कारण तिथे बुंदीपेक्षा मिस्टरांची झोप महत्त्वाची. कंपनीत मशीनसमोर उभं राहायचं तर दिवसाची झोप व्हायलाच हवी. मोठी कुत्री दिवसातले बारा-चौदा तास सहज झोपतात, म्हणजे दोघांची गरज एकच आहे. आल्यावर त्यांनी तिला फिरवावं, खायला द्यावं आणि तिचं अंथरूण आपल्याच खोलीत, दारापासून लांब घ्यावं. पलंगाखाली चालेल. पंखा मोठा ठेवा, खोलीचं दार लावा, म्हणजे लिफ्टचा आवाज बुजतो. बेलवर कागद चिकटवा आणि पार्सल वॉचमनकडे ठेवायला सांगा. लिफ्ट वाजल्यावर ती भुंकते कारण आजी गेल्यापासून दर लिफ्टमधून कुणीतरी घरचं येईल असं तिला वाटतंय. तिचा दिवस स्थिरावला की हेही ओसरेल. जागेपणी मुलाने लिफ्ट वाजली की खाऊ टाकायचा खेळ करावा, त्याला तो आवडेल.

मिस्टरांचे दोन आणि बहिणीचा एक, हे उपाय उरले. बाल्कनीत बांधल्याने भीती तशीच राहते, फक्त सगळ्या कॉलनीला ऐकू येते. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात आखूड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, दोन्ही गुन्ह्यात मोडतं. निफाडचा मळा हा विचार तर मनातून काढाच. गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि मळ्यावरची कुत्री तो कशी उचलतो हेही गावात सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावर वाढलेली, माणसाशिवाय न राहिलेली बुंदी तिथे पहिल्या रात्रीच घराच्या शोधात निघेल. दुसरं कुत्रंही नको. बुंदीला माणूस हवंय, कुत्रं नव्हे. उलट कधीकधी एकाचं बघून दुसरंही रडायला शिकतं. पिंजऱ्यात कोंडणं आणि भुंकलं की झटका देणारा पट्टा, यांच्या जाहिराती मोबाइलवर येतीलच. धास्तावलेली कुत्री पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडून घेतात. तिकडे वळू नका.

सोसायटीच्या पत्राने घाबरू नका, पण ते केराच्या टोपलीतही टाकू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यानुसार बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी करता येत नाही. त्याच सूचनांमध्ये आपल्या कुत्र्याचा शेजाऱ्यांना त्रास होणार नाही हे बघायला मालकांनाही सांगितलं आहे, आणि शेजाऱ्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. तेव्हा कायद्याचा कागद खिशात ठेवा, आधी माणसांशी बोला. चेअरमनना लेखी उत्तर द्या: डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या, शिकवणं सुरू आहे, तिला अमुक वेळेत काकूंकडे ठेवतो. सोबत रेबीजच्या लसीचा दाखला आणि महापालिकेचा परवाना जोडा. नसेल तर आधी काढून घ्या. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना मात्र घरी जाऊन भेटा आणि म्हणा, ती रडली तर मला वेळेसकट मेसेज टाका. तक्रार करणाऱ्याला काम दिलं की तो निम्मा आपल्या बाजूचा होतो, आणि कोणत्या वेळी काय बिघडलं हे तुम्हाला आयतं कळतं.

महिना-दीड महिना मन लावून करूनही मोबाइलमध्ये तीच लाळ आणि त्याच येरझाऱ्या दिसत असतील, किंवा ती स्वतःला इजा करून घेत असेल, तर डॉक्टरांशी औषधाचं बोला. याच दुखण्यासाठी अमेरिकेत क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुऑक्सेटिनला २००७ मध्ये परवानगी मिळाली, दोन्ही शिकवण्याच्या जोडीने द्यायची म्हणून. ही गुंगीची औषधं नव्हेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, तोवर धीर धरायचा. माणसांची गोळी अर्धी करून घरच्या घरी देण्याचा प्रकार मात्र कुणाच्याही सांगण्यावरून करू नका.

गणपतीत ढोल-ताशांचे दिवस आणि दिवाळीतला फटाक्यांचा आठवडा येतोय. त्या काळात शिकवणं थांबवा, ती एकटी राहणार नाही एवढंच बघा, आणि भाऊबीज झाली की आधी जिथे होतात त्याच्या थोडं मागून सुरू करा.

दिवाळीनंतर आजी परत येतील, बुंदी चार दिवस नाचेल, आणि तुम्हा सगळ्यांना वाटेल सुटलो. तेव्हाच नेमकं हे सगळं सोडून दिलं जातं. आजींना आधीच फोनवर सांगून ठेवा, की आठवड्यातून दोन-तीनदा त्यांनी तिला घरात ठेवून एकट्याने देवळात किंवा शेजारी जायचं आहे, आणि पहिल्या दिवसापासून. त्या ‘बिचारी रडेल’ म्हणतील. तेव्हा त्यांना मोबाइलमधलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नवं, अशी दोन्ही चित्रीकरणं दाखवा. म्हणून ती पुसू नका, तारखा घालून ठेवा.